एकच होम कोर्स की दर महिन्याला नवा? गोल्फ नुकतंच सुरू केलेल्यांसाठी

अकॅडमीतले पहिले धडे संपले, रेंजवर सात नंबरचं आयर्न बऱ्यापैकी लागायला लागलं, की प्रत्येक नव्या खेळाडूला एक प्रश्न पडतो. एकाच कोर्सवर जात राहायचं, की मित्र नेतील तिकडे, ऑफिसची स्पर्धा असेल तिथे, सुट्टीला जाऊ त्या गावी, असं फिरत खेळायचं? बॅडमिंटन खेळणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण कोर्टाची मापं सगळीकडे तीच. गोल्फमध्ये मैदानच बदलतं. लांबी, चढउतार, गवत, वारा, पाणी, झाडी, दोन ठिकाणी काहीच सारखं नसतं. त्यामुळे तुम्ही कुठे खेळता, यावर तुम्ही काय शिकता हे बरंचसं ठरतं.

माझं मत आधीच सांगते. पहिलं वर्ष एका कोर्सला द्या. मग बाहेर पडा, पण दर वेळी काय शिकायचं ते ठरवून. आणि बाहेर कितीही हिंडलात तरी होम कोर्स सोडू नका, कारण सुधारणा मोजायला एक तरी गोष्ट स्थिर लागते. उदाहरणं पुण्या-मुंबईकडची जास्त आहेत, कारण माझं खेळणं इथलं. पण पद्धत बंगळूरला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्यालाही तशीच लागू पडेल.

१. आधी कोर्सचे प्रकार ओळखा

कोर्स सुंदर आहे म्हणून तिथे खेळता येईलच असं नाही. आत जायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

क्लबांचे कोर्स: पुण्यात येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (१९२७ पासूनचा), ताडदेवचा विलिंग्डन. इथे सभासदांचा हक्क पहिला. बाहेरच्याला सभासदाचा पाहुणा म्हणून जावं लागतं, किंवा आपला क्लब त्यांच्याशी संलग्न असावा लागतो. काही क्लब आठवड्याच्या मधल्या दिवशी ग्रीन फी, म्हणजे एका फेरीचे पैसे, घेऊन बाहेरच्यांना खेळू देतात, काही अजिबात देत नाहीत. नियम बदलत राहतात, म्हणून फोन करून विचारायचं.

लष्करी कोर्स: छावणीच्या गावांतून हे असतात. फाटकावर ‘एन्व्हायर्नमेंटल पार्क अँड ट्रेनिंग एरिया’ अशी पाटी दिसली तर गोंधळू नका, गोल्फ कोर्स तोच. नागरिकांना प्रवेश मर्यादित असतो आणि बहुतेकदा अधिकाऱ्याच्या ओळखीनंच मिळतो.

रिसॉर्ट आणि टाउनशिपचे कोर्स: पुण्याच्या पश्चिमेला टेकड्यांवर वसलेला ऑक्सफर्ड, लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅली, गोव्यात काणकोणजवळ राजबागला समुद्राकाठचा नऊ होलचा कोर्स. पैसे भरून खेळता येतं, पण रोज जाण्यासारखे हे नव्हेत.

सार्वजनिक कोर्स: आपल्याकडे फार थोडे. नवी मुंबईत सिडकोनं बांधलेला खारघर व्हॅली, दिल्लीत लाडो सरायला डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्स. सभासदत्व नसतानाही नियमित खेळायचं असेल, तर नव्या माणसासाठी हाच सगळ्यात मोकळा रस्ता.

२. होम कोर्स निवडा, आणि घाईनं सभासदत्व घेऊ नका

अठरा होलच्या फेरीला चार ते साडेचार तास जातात. त्यात जाण्यायेण्याचा वेळ, आधीची वीस-पंचवीस मिनिटं पटिंग, नंतरचा चहा. म्हणून पहिली कसोटी अंतराची. घरापासून तासाभराहून लांबचा कोर्स मधल्या वारी होत नाही, आणि फक्त रविवारी खेळून कोर्स हाताखालून जात नाही. नऊ होलचा कोर्स जवळ असेल तर तो बिनदिक्कत निवडा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी कसोटी सरावाच्या जागेची. नुसती रेंज पुरेशी नाही. चिपिंगला, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांना, वेगळं ग्रीन आणि निदान एक बंकर असेल तर उत्तम, कारण सुरुवातीच्या खेळाडूचे निम्म्याहून जास्त फटके ग्रीनच्या आसपास आणि ग्रीनवरच जातात. तिसरी कसोटी, तुम्हाला परवडेल त्या वेळी टी टाइम, म्हणजे फेरी सुरू करायची वेळ, मिळतो का. सकाळचे साडेसहा ते आठ सभासदांनी धरून ठेवलेले असतात. दुपारी तीननंतर नऊ होल मिळत असतील तर चौकशी करा, उन्हं कललेली असतात आणि मागून घाई करणारंही कोणी नसतं.

कोर्सचं देखणेपण या यादीत सगळ्यात शेवटी.

सभासदत्वाबद्दल थोडं विस्तारानं सांगते, कारण नवे लोक इथेच अडकतात. जुन्या क्लबांची प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची असते. जिथे लगेच मिळतं तिथे एवढं लेखी विचारून घ्या:

- भरलेल्या रकमेतली प्रवेश फी किती आणि परत मिळणारी अनामत किती
- क्लबचं सभासदत्व आणि गोल्फ खेळण्याचा हक्क एकच, की वेगवेगळे
- महिन्याची वर्गणी, आणि ती न खेळलेल्या महिन्यांतही भरायची का
- जोडीदार आणि मुलं त्यात येतात का, मुलगा-मुलगी किती वयापर्यंत
- सभासदाला ग्रीन फी माफ, की सवलतीत
- दुसऱ्या कुठल्या शहरांतले क्लब संलग्न आहेत

शेवटचा मुद्दा लोक विचारतच नाहीत, आणि पुढे फिरताना तोच उपयोगी पडतो. किमान सहा महिने ग्रीन फी भरून खेळा, मग आकडेमोड करा. महिन्यात खरोखर किती वेळा जाणं होतं हे तोवर कळलेलं असतं.

अनेक क्लबांत कोर्सवर सोडण्याआधी नियम आणि शिष्टाचाराची छोटी परीक्षा घेतात, प्रो तुमचे काही फटके पाहतो. तिला अडथळा समजू नका. त्या निमित्तानं नियमांची पुस्तिका वाचून होते, एरवी कोणी वाचत नाही.

३. पहिलं वर्ष: एकच कोर्स, पण डोळे उघडे ठेवून

एका कोर्सवर खेळण्याचा फायदा आपोआप होत नाही. तेच अठरा होल वर्षभर खेळूनही कोर्स न कळलेले लोक प्रत्येक क्लबात असतात. वही ठेवा. खिशात मावेल एवढी, साधी. प्रत्येक होलसाठी तीन नोंदी पुरतात: टीवरून चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूला चुकलेलं परवडेल, ग्रीनच्या पुढच्या कडेपर्यंतचं खरं अंतर, आणि ग्रीनचा उतार कुठून कुठे.

यातली पहिली नोंद सगळ्यात मोलाची. नवा माणूस झेंड्याकडे बघून मारतो, जाणता माणूस कुठे जाऊन चालणार नाही ते बघून मारतो. डावीकडे पांढऱ्या खुंट्या, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स, आणि उजवीकडे नुसतं रफ असेल, तर उजवीकडचा चुकलेला फटका हा चांगलाच फटका. हे पुस्तकात वाचून कळतं, पण अंगात मुरतं ते त्याच टीवर पुन्हापुन्हा उभं राहून.

ग्रीन वाचणं शिकायला तर होम कोर्सला पर्याय नाही. आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं. गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्याच कुळातलं. त्याची पाती सरळ उभी राहत नाहीत, एका दिशेला झुकतात, त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेनं चेंडू सुसाट जातो, उलट्या दिशेनं अडखळत थांबतो, आणि आडवा असेल तर उतार नसतानाही वळतो. ओळखायचं कसं? चेंडूमागे उभं राहून बघा. गवत चकचकीत, फिकट दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली, म्हणजे पट वेगानं जाणार. गडद हिरवं दिसलं तर ती तुमच्याकडे झुकलेली. खात्री नसेल तर कपापाशी जाऊन वाकून बघा. कपाची एक कड सुबक, धारदार असते आणि दुसरी विस्कटलेली, तपकिरी पडलेली. त्या विस्कटलेल्या कडेकडे ग्रेन जातो. सकाळी कप नुकता कापलेला असताना हे दिसणार नाही, दुपारी स्वच्छ दिसतं.

कॅडी असेल तर त्याला विचारण्याआधी स्वतः अंदाज सांगा. ‘दीड कप उजवीकडून?’ असं तुम्ही म्हणायचं, मग तो म्हणेल, ‘नाही सर, डावीकडूनच, नदीकडे पळतो.’ आपल्या कोर्सवरच्या कॅडीनं ते ग्रीन हजारो वेळा पाहिलेलं असतं. त्याचं उत्तर ऐकून पट मारला तर तो पट जातो. आपलं उत्तर चुकताना ऐकलं तर पुढचे पट जायला लागतात. कॅडी मराठीत मोकळेपणानं बोलतो, त्याच्याशी इंग्रजी शब्दांची कसरत करत बसू नका.

तोच कोर्स कंटाळवाणा वाटायला लागला तर बाहेर पळण्याआधी हे करून बघा. पुढच्या टीवरून खेळा, तुमचा ड्रायव्हर आता वेगळ्याच बंकरपर्यंत पोहोचेल. नंतर मागच्या टीवरून खेळा, म्हणजे ज्या ग्रीनवर रोज नऊ नंबर मारता तिथे हायब्रिड काढावा लागेल. गर्दी नसलेल्या दुपारी तीनच क्लब घेऊन जा: एक हायब्रिड, आठ नंबर, पटर. सत्तर यार्डांवरून आठ नंबर अर्धा मारायला लागला की हाताला जे कळतं ते वेजनं कधीच कळत नाही. झेंड्याची जागाही रोज बदलते. मोठ्या ग्रीनवर झेंडा पुढे आणि मागे असण्यात दीड-दोन क्लबांचा फरक पडतो.

आणि पावसाळा टाळू नका. जून ते सप्टेंबर कोर्स पूर्ण वेगळा होतो. चेंडू पडला की घरंगळत नाही, ग्रीन संथ, फेअरवेवर साचलेलं पाणी. २०१९ पासूनच्या नियमांनुसार चेंडू आपल्याच आघातानं जमिनीत रुतला तर बंकर आणि पेनल्टी एरिया (तळी, ओढे यांसारख्या लाल-पिवळ्या खुणांच्या जागा) सोडून बाकी सगळीकडे दंडाशिवाय काढून ड्रॉप करता येतो. साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका मिळते. काही क्लब या महिन्यांत फेअरवेवरचा चेंडू उचलून, पुसून ठेवायची मुभा देतात. ती स्थानिक नियमात लिहिलेली असली तरच घ्यायची.

४. हँडिकॅप काढा, आणि तो कसा बनतो ते समजून घ्या

होम कोर्स की अनेक कोर्स, या प्रश्नाचं निम्मं उत्तर हँडिकॅपच्या, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी फटक्यांत सांगणाऱ्या आकड्याच्या, गणितात दडलेलं आहे. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम. भारतात इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबांमार्फत तो मिळतो. सुरुवातीला ५४ होलची स्कोअरकार्डं लागतात, म्हणजे अठराच्या तीन फेऱ्या किंवा नऊच्या सहा. कमाल हँडिकॅप इंडेक्स ५४, तेव्हा ‘माझा खेळ अजून त्या लायकीचा नाही’ म्हणून थांबू नका.

प्रत्येक कोर्सच्या प्रत्येक टीला दोन आकडे दिलेले असतात. कोर्स रेटिंग म्हणजे अव्वल, शून्य हँडिकॅपच्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर. स्लोप म्हणजे साधारण खेळाडूला तो कोर्स त्या मानानं किती जड जातो ते. तो ५५ ते १५५ मध्ये असतो, ११३ हा प्रमाण धरलेला आकडा. सूत्र असं: इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, अधिक रेटिंग वजा पार (पार म्हणजे त्या कोर्ससाठी ठरवून दिलेले फटके). आलेला आकडा म्हणजे त्या टीवरचा तुमचा कोर्स हँडिकॅप.

समजा तुमचा इंडेक्स २०.० आहे. होम कोर्स पार ७०, रेटिंग ६९.०, स्लोप ११३. तिथे तुमचा कोर्स हँडिकॅप १९, म्हणजे ८९ ला तुम्ही आपल्या हँडिकॅपला साजेसं खेळलात. आता पाहुणे म्हणून गेलात पार ७२, रेटिंग ७३.०, स्लोप १३५ अशा कोर्सवर. तिथे हँडिकॅप होतो २५, आणि साजेसा स्कोअर ९७. आठ फटके वाढले, खेळ मात्र तोच. हे गणित माहीत नसलेला माणूस पहिल्या बाहेरच्या फेरीनंतर हताश होऊन घरी येतो आणि स्विंग बदलायला घेतो. कृपा करून तसं करू नका.

आणखी एक. इंडेक्स ही तुमची सरासरी नव्हे. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांवरून तो काढतात. त्यामुळे बहुतेक दिवशी तुमचा स्कोअर याहून तीन-चार फटके जास्तच असणार. एखाद्या होलवर घोळ झाला तर हँडिकॅपसाठी तिथे नेट डबल बोगीपर्यंतच (होलच्या पारपेक्षा दोन जास्त, अधिक त्या होलवर हँडिकॅपनं मिळणारे फटके) धरतात, म्हणून एका वाईट होलनं कार्ड फाडायचं नाही. चांगल्या-वाईट सगळ्या फेऱ्या नोंदवा, बाहेरच्या कोर्सवरच्याही. एकाच ओळखीच्या कोर्सवर बनलेला हँडिकॅप बाहेर गेल्यावर तोकडा पडतो, कारण तुमच्या वहीतल्या नोंदी तिथे लागू नसतात आणि स्लोपला ते माहीत नसतं.

५. आता बाहेर पडायची वेळ झाली, हे कशावरून ओळखाल

काही खुणा: अंतर न बघताच हात ठरलेल्या क्लबकडे जातो. बॅगेतला एखादा क्लब महिनोन्महिने बाहेरच निघत नाही. चेंडू पायांपेक्षा उंच किंवा खाली असेल असे फटके आठवत नाहीत, कारण तुमचा कोर्स सपाट आहे. किंवा बाहेर खेळलेली फेरी वरच्या गणिताहूनही पाच-सहा फटके वाईट जाते.

एका कोर्सवर घडलेला खेळाडू चांगला की अनेक कोर्सवर, यावर क्लबच्या बारपाशी कायम वाद चालतो. भारतीय गोल्फमध्ये या वादाचं फार सुंदर उदाहरण आहे. एसएसपी चौरसिया कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये वाढला. ब्रिटनबाहेरचा हा सगळ्यात जुना क्लब, १८२९ चा. वडील तिथे ग्रीनकीपर, तो स्वतः तिथेच कॅडी. सपाट मैदान, जागोजागी तळी, आणि लहानपणापासून तीच ग्रीन. चिपिंग आणि पटिंगमध्ये तो इतका तरबेज झाला की सोबतच्या खेळाडूंनी त्याचं नाव ‘चिपपटसिया’ पाडलं. दुसरीकडे अनिर्बान लाहिरी, पुण्यात जन्मलेला, लष्करी डॉक्टरचा मुलगा. वडिलांची बदली होईल तिथल्या लष्करी कोर्सवर त्याचा खेळ घडत गेला.

२०१५ च्या इंडियन ओपनला दिल्ली गोल्फ क्लबवर दोघं बरोबरीत आले आणि प्लेऑफमध्ये लाहिरी जिंकला. पुढच्या वर्षी त्याच कोर्सवर चौरसिया जिंकला, लाहिरी दुसऱ्या स्थानी राहिला. २०१७ ला स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफला गेली. गॅरी प्लेयरनं आखलेला तो कोर्स, चढउतारांचा, खोल बंकरांचा, रॉयल कलकत्ताशी त्याचं काही साम्य नाही. चौरसिया तिथेही जिंकला.

यातून मी घेते ते एवढंच: चौरसियाकडे कोलकात्यातून आलेलं एक कौशल्य होतं, ग्रीनभोवतीचं, आणि ते कुठल्याही कोर्सवर चालतं. होम कोर्सवरून बाहेर नेण्यासारखं तुमच्याकडे काय आहे, हे निघण्याआधी ठरवा. वहीतली अंतरं बरोबर येणार नाहीत. पन्नास यार्डांच्या आतला हात येईल.

६. कुठे जायचं: जे घरी मिळत नाही ते शोधा

नाव मोठं म्हणून कोर्स निवडू नका. उणीव बघून निवडा.

घरचा कोर्स सपाट असेल तर पहिला दौरा टेकडीच्या कोर्सचा. पुणेकरांसाठी ऑक्सफर्ड हाताशी आहे. टी उंचावर आणि फेअरवे खाली असेल तर चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, एक क्लब कमी घ्या, म्हणजे एरवीपेक्षा कमी लांब जाणारा. चढावर उलट. चेंडू पायांपेक्षा उंच असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे ओढला जातो, पायांखाली असेल तर उजवीकडे सुटतो. पहिल्या फेरीत एवढं जरी डोक्यात ठेवलंत तरी पुष्कळ.

वारा शिकायचा तर समुद्राकाठ. राजबागला दुपारनंतर वारा सुटला की उंच उडवलेला चेंडू कुठे जाईल सांगता येत नाही. वारा समोरून असेल तर एक-दोन क्लब जास्त घ्या आणि हळू मारा, जोरात मारला की चेंडू आणखी वर चढतो. नऊच होल असले तरी दोनदा खेळा. दुसऱ्या फेरीपर्यंत वारा बदललेला असतो.

सरळ मारायला शिकायचं तर दिल्ली गोल्फ क्लबसारखा अरुंद कोर्स, ओळख असेल तर. लोधी कोर्सवर फेअरवेच्या दोन्ही बाजूंना दाट काटेरी झाडी. त्यात चेंडू गेला तर गेलाच, शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात. कित्येक होलवर ड्रायव्हर बॅगेतच राहतो. मोर आणि जुनी घुमटं दिसतात, पण लक्ष फेअरवेवर असू द्या.

उंचावरचे कोर्स, म्हणजे गुलमर्ग, मौजेसाठी. तिथली उंची सुमारे २६५० मीटर, विरळ हवेत चेंडू खूप लांब जातो. तिथली अंतरं वहीत लिहू नका, पुण्यात उपयोग नाही.

परदेशी राहणाऱ्या किंवा कामासाठी जाणाऱ्या मंडळींना नगरपालिकांचे कोर्स स्वस्तात मिळतात, आणि संध्याकाळच्या सवलतीत आणखी स्वस्त. स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स तर सार्वजनिक आहे, मात्र हँडिकॅपचा दाखला मागतात, बऱ्याच वेळा सोडतीतूनच वेळ मिळते, आणि रविवारी एरवी खेळ बंद असतो, लोक फिरायला येतात. त्या रविवारी कोर्सवर पायी हिंडून या, फुकट आहे.

७. बुकिंग आणि सोबत न्यायच्या गोष्टी

फोनवर विचारा: बाहेरच्यांसाठी कोणते दिवस खुले, एकूण खर्च किती (ग्रीन फी, कॅडी, कार्ट, कर, सगळं धरून), ग्रीनवर नुकतंच वाळू किंवा छिद्रांचं काम झालंय का, आणि स्पर्धेमुळे कोर्स बंद आहे का. अनेक क्लब सोमवारी देखभालीसाठी बंद असतात. जोडून सुट्टी काढण्याआधी हे बघून घ्या.

कागद:

- सरकारी ओळखपत्र
- हँडिकॅप प्रमाणपत्र, किंवा ॲपवरची प्रत
- संलग्न क्लबात जात असाल तर आपल्या क्लबच्या सचिवांचं परिचयपत्र. मिळायला दोन-तीन दिवस लागू शकतात
- पाहुणे म्हणून जात असाल तर यजमान सभासदाचं नाव, सभासद क्रमांक, आणि बहुतेक ठिकाणी ते स्वतः हजर असावे लागतात

सामान:

- चौदापेक्षा जास्त क्लब नकोत, तो नियम आहे
- नेहमीपेक्षा दुप्पट चेंडू, शक्यतो एकाच बनावटीचे
- टी, चेंडूची खूण करायला मार्कर, ग्रीनवरचा खड्डा बुजवायचं टूल
- कॉलरचा टी-शर्ट, पॅन्ट किंवा नीटशी शॉर्ट, मऊ स्पाइकचे बूट. जीन्स आणि गोल गळ्याचा टी-शर्ट बहुतेक क्लबांत चालत नाही
- टोपी, छत्री, पाणी, टॉवेल
- कॅडीसाठी सुटे पैसे. सगळीकडे यूपीआय असेलच असं धरू नका

८. नव्या कोर्सवर पहिला दिवस

टी टाइमच्या पाऊण तास आधी पोहोचा. रेंजवर घाम गाळण्यापेक्षा सरावाच्या ग्रीनवर वीस मिनिटं द्या. तीस फुटांवरून दहा-बारा पट मारा, कप न बघता. चेंडू किती पळतो ते हाताला कळू द्या. पहिल्या काही होलवर तीन-तीन पट जातात ते याच कारणानं.

स्कोअरकार्ड उलटवून स्थानिक नियम वाचा. अंतराच्या खुणांबद्दल स्टार्टरला दोन प्रश्न विचारा: यार्ड की मीटर, आणि ग्रीनच्या मध्यापर्यंत की पुढच्या कडेपर्यंत? दीडशे मीटर म्हणजे १६४ यार्ड. एका क्लबाहून जास्त चूक इथेच होते. लेझर रेंजफाइंडर नियमानं चालतो, फक्त उतार मोजायची सोय बंद ठेवा.

टी कुठली घ्यायची? अहंकार गाडीत ठेवा. ड्रायव्हर २०० यार्ड जात असेल तर ५२०० ते ५४०० यार्डांची टी योग्य, २२५ जात असेल तर ५८०० ते ६०००. सोबतचे मागून खेळत असले तरी तुम्ही पुढून खेळू शकता, हँडिकॅपच्या गणितात त्याची सोय आहे.

कॅडी नक्की घ्या, कार्ट परवडत असली तरी. इथे त्याचं ऐका, घरची गोष्ट वेगळी. मात्र त्याला तुमची खरी अंतरं पहिल्याच टीवर सांगा. ‘सात नंबर १२५ जातो’ हे खरं असेल तर तेच सांगा, नाहीतर तो १४५ धरून क्लब देईल आणि दिवसभर चेंडू ग्रीनअलीकडच्या बंकरात पडेल.

न दिसणाऱ्या ग्रीनवर, पाण्यावरून, अरुंद फेअरवेवर, जिथे शंका येईल तिथे ग्रीनच्या मध्यावर मारा, झेंडा कुठेही असो. चेंडू हरवला असेल असं वाटलं तर पुढे जाण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा चेंडू, मारा आणि मारण्याआधी तसं मोठ्यानं सांगा. गटाला थांबवू नका. पाहुण्याची ओळख स्कोअरवरून होत नाही, वेगावरून होते. बंकर सारखा करा, ग्रीनवरचा आपला खड्डा आणि शेजारचा एखादा बुजवा. त्या क्लबात पुन्हा बोलावणं येतं ते यामुळे.

९. परत आल्यावर

त्याच संध्याकाळी वहीत लिहा: कुठल्या प्रकारच्या फटक्यावर फटके गेले. ‘ड्रायव्हर वाईट’ असं नको. ‘चेंडू पायांखाली असताना तीनदा उजवीकडे’ असं लिहा. कार्ड हँडिकॅपला नोंदवा. मग पुढच्या दोन-तीन आठवड्यांत होम कोर्सवर त्या फटक्याची जागा शोधा. सपाट कोर्सवरही टीच्या कडेचे बांध असतात, ग्रीनमागचे उतार असतात, तिथे चार चेंडू टाकून मारता येतात. मागे गट नसताना, आणि क्लबची हरकत नसेल तर.

किती वेळा बाहेर जायचं? दुसऱ्या वर्षी दोन महिन्यांतून एकदा पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे कोर्स उत्तम असतात, दौरे तेव्हा ठेवा. मार्च ते मे सकाळी लवकर घरीच खेळा, पावसाळ्यातही घरीच. कोर्स आवडला तर महिन्याभरात तिथेच दुसऱ्यांदा जा, नव्यापेक्षा ते जास्त शिकवतं. पहिल्या फेरीत कोर्सच दिसतो, स्वतःच्या चुका दुसऱ्या फेरीत दिसतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यांची टी टाइम लवकर भरतात, तेव्हा परिचयपत्रासाठी क्लबच्या ऑफिसला सप्टेंबरअखेरच सांगून ठेवा.